ताईंचं ‘ठीक आहे’: इंका ट्रेलवरच्या एका माघारीची गोष्ट

हे प्रकरण आमच्याच गटातलं आहे. गटातल्या सगळ्यांच्या संमतीनं लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. ज्यांना त्रास झाला त्यांना इथे फक्त ‘ताई’ म्हटलं आहे, कारण गटातही सगळे तेच म्हणतात. मी गटाचा समन्वयक होतो. खाली ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

पुण्याहून निघालेले आम्ही सात जण. सर्वांत लहान 27 वर्षांची ताईंची भाची, सर्वांत मोठे 58 वर्षांचे एक काका. ताई 54 च्या, बँकेत नोकरी, गेली वीस वर्षं दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सह्याद्रीत. चालायला आमच्यात सगळ्यात दमदार कोण, तर ताई. रतनगडाच्या शिड्यांवर तरुण पोरं धापा टाकत असताना त्या वर बसून सगळ्यांसाठी डबा उघडून ठेवणार. ‘आधी खा, मग फोटो काढा’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आम्ही निवडला होता पेरूमधला चार दिवसांचा इंका ट्रेल. कुस्कोहून माचू पिचूकडे जाणाऱ्या रेल्वेच्या 82 व्या किलोमीटरपासून वाट सुरू होते, म्हणून त्या जागेचं नावच ‘किलोमीटर 82’. तिथून सुमारे 42 किलोमीटर चालून चौथ्या दिवशी सकाळी सूर्यदरवाजातून, म्हणजे इंती पुंकूतून, माचू पिचू दिसतं. पंधराव्या शतकाच्या मध्यावर पाचाकुती या इंका राजाच्या काळात वसवलेलं हे ठिकाण रेल्वेनं आणि बसनंही गाठता येतं. पण इंकांनीच बांधलेल्या दगडी पायऱ्यांवरून तिथे पोचणं वेगळं, आणि सह्याद्रीतल्या माणसाला पायऱ्यांचं आकर्षण सांगायला नको.

या वाटेवर परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. दिवसाला 500 माणसं, आणि त्यात गाईड, पोर्टर, स्वयंपाकी सगळे धरले जातात. म्हणजे प्रत्यक्ष ट्रेकर साधारण 200. परवाना पासपोर्ट क्रमांकाला आणि तारखेला बांधलेला. तारीख बदलत नाही, नावही बदलत नाही. फेब्रुवारीत देखभालीसाठी वाट बंद असते आणि मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम, त्यामुळे मे महिन्यातले परवाने आम्ही नोव्हेंबरातच घेतले होते. हा तपशील लांबवून सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या एका तारखेभोवती फिरलं.

मूळ आराखड्यात ट्रेकआधी चार रात्री होत्या. मुंबईहून निघालेलं विमान उशिरा पोचलं, पुढचं हुकलं, आणि लिमाला पोचेपर्यंत दोन दिवस गेले. आता हातात दोन रात्री उरल्या.

पहिला निर्णय, जो आम्हाला निर्णय वाटलाच नाही

कुस्को आहे 3,400 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646. विमानातून उतरल्या उतरल्या आम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीहून उंच उभे होतो. लेहची उंची जवळपास एवढीच, आणि लेहला उतरणारा माणूस पहिला दिवस हॉटेलात पडून काढतो, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण लेह म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फ येतो आणि मनात भीती. कुस्को म्हटलं की चौक, चर्च, बाजार आणि कॉफी. ऊन छान, रस्ते गजबजलेले. उंचीवर आलोय असं वाटतच नाही.

विमानतळावरून गाडीनं साधारण दोन तासांवर ओयांतायताम्बो आहे, इंकांच्याच आखणीवर वसलेलं गाव, जेमतेम 2,800 मीटरवर. त्या दोन रात्री तिथे झोपून काढल्या असत्या तर शरीराला 600 मीटरची सवलत मिळाली असती, आणि किलोमीटर 82 तिथून जवळही आहे. हा पर्याय मला माहीत होता. पण कुस्कोतल्या हॉटेलचे पैसे भरलेले होते, परत मिळणार नव्हते. ट्रेक कंपनीची माहिती-बैठक दुसऱ्या संध्याकाळी कुस्कोतच होती. आणि ‘एवढ्या लांब येऊन कुस्को बघायचं नाही का?’ हेही होतंच. मी कुस्कोतच राहायचं ठरवलं. ठरवलं म्हणणंही जरा जास्तच झालं. जे आधी ठरलेलं होतं ते मी मोडलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी एक शहाणपणा केला. चौकातून पायी चढून साक्सायवामान या इंकाकालीन दगडी बांधकामापाशी गेलो. तिथल्या अजस्र दगडांच्या सांध्यात पातं शिरत नाही हे ऐकून होतो, ते हात लावून पाहिलं. ही जागा 3,700 मीटरवर. ताई सगळ्यांत पुढे.

वाटेचा आकार

हे प्रकरण समजायचं तर वाटेचा उभा छेद डोळ्यांपुढे हवा. पहिला मुक्काम वायलाबाम्बा, सुमारे 3,000 मीटर. म्हणजे कुस्कोपेक्षा खाली. दुसऱ्या दिवशी सलग 1,200 मीटर चढून वार्मिवान्युस्का ही 4,215 मीटरची खिंड, आणि पलीकडे उतरून पाकायमायोचा तळ, 3,600 मीटर. वार्मिवान्युस्का म्हणजे केचुआ भाषेत ‘मेलेली बाई’. डोंगराची कड आडव्या पडलेल्या बाईसारखी दिसते, म्हणून. तिसऱ्या दिवशी पुन्हा जवळपास 4,000 मीटरची रुंकुराकायची खिंड आणि मग लांबलचक उतार.

यातली मेख पाकायमायोत आहे. तिथे रात्री कुणाची तब्येत बिघडली तर मागे जायला 4,215 ची खिंड पुन्हा चढावी लागते आणि पुढे जायला रुंकुराकाय. तळ दोन खिंडींच्या मधे, खोलगट ताटलीत. विरळ हवेच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं; आणि इथे खाली उतरायला आधी वर चढावं लागतं. आपल्याकडे कुठल्याही गडावरून दोन-तीन तासांत एखाद्या वाडीत पोचता येतं. ती सवय घेऊन या वाटेवर येऊ नये. म्हणून परतीचा जो काही निर्णय असेल तो पहिल्या खिंडीच्या अलीकडेच घ्यायला हवा. गाईडनं बैठकीत हे सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

अडचण

किलोमीटर 82 ला पासपोर्ट तपासले गेले, पोर्टरांची ओझी काट्यावर चढली (पोर्टरच्या ओझ्याला कायद्यानं मर्यादा आहे आणि ती तिथेच मोजली जाते), आणि झुलत्या पुलावरून उरुबाम्बा नदी ओलांडून आम्ही चालू लागलो. पहिला दिवस सोपा. गाईड लोक या चढउताराला थट्टेनं ‘इंका सपाट’ म्हणतात. खाली पातायाक्ताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे अवशेष दिसत होते, वर वेरोनिकाचं हिमशिखर.

चालता चालता गाईडनं आम्हाला केचुआ शिकवलं. ‘अल्यिल्यांचु?’ म्हणजे बरं आहे ना? उत्तर ‘अल्यिल्यान्मि’, बरं आहे. पोर्टर पळत पुढे जाताना विचारायचे आणि आम्ही सातही जण एका सुरात उत्तर द्यायचो. दिवसभरात ताईंनी हे उत्तर वीसेक वेळा तरी दिलं असेल.

नंतर कळलं ते असं. कुस्कोतल्या पहिल्या रात्रीपासून ताईंचं डोकं दुखत होतं. दोन्ही रात्री झोप नव्हती. पॅरासिटामॉल घेऊन त्या चालत होत्या. वायलाबाम्बाला रात्री जेवणानंतर उलटी झाली आणि तंबूतल्या भाचीला त्यांनी शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. ‘सहा महिन्यांपूर्वीच्या तारखा आहेत, माझ्यामुळे सगळ्यांचं नको.’ पहाटे पाचला भाची शपथ मोडून माझ्या तंबूपाशी आली, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं.

गाईडला स्पॅनिश, केचुआ आणि इंग्रजी येत होतं. ताईंना इंग्रजी येतं, पण दुखणं त्या मराठीतच सांगतात. त्या म्हणाल्या, ‘जरासं जड आहे रे डोकं. ठीक आहे मी.’ मी गाईडला सांगितलं, किरकोळ डोकेदुखी आहे. उलटीचं सांगितलं, पण ‘कदाचित जेवणामुळे’ ही पुस्तीही मीच जोडली. ताई तसं म्हणाल्याच नव्हत्या.

गाईडनं माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि मला बाजूला सारून बोटांवर आकडे विचारायला सुरुवात केली. लेक लुईस गुणांकनात डोकेदुखी, पोटाचा त्रास, थकवा आणि गरगरणं यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात. डोकेदुखी असेल आणि एकूण तीन किंवा जास्त भरले तर तो विरळ हवेचा आजार धरतात. ताईंचे भरले पाच: डोकं दोन, पोट दोन, थकवा एक.

समोर असलेले पर्याय

सकाळचे साडेपाच. चहा निवत होता आणि आम्ही चार गोष्टी तोलल्या.

एक, वायलाबाम्बालाच एक दिवस थांबणं. वैद्यकीयदृष्ट्या हेच सर्वांत सरळ, कारण लक्षणं असताना वर चढायचं नाही हा पहिला नियम. पण परवाना तारखेला बांधलेला. एक दिवस थांबणं म्हणजे ताईंपुरता ट्रेक संपणं.

दोन, डायमॉक्स देऊन पुढे जाणं. ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. पण ताईंना सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी होती आणि म्हणून त्यांनी पुण्यात ती घेतली नव्हती. सल्फा अ‍ॅलर्जी असणाऱ्या बहुतेकांना ही गोळी चालते असं डॉक्टर सांगतात, पण ती घरी, डॉक्टरांच्या देखरेखीत करून पाहायची गोष्ट आहे. डोंगरात पहिल्यांदा नाही. हा पर्याय लगेच बाद झाला. पोर्टर कोकाच्या पानांचा चहा आग्रहानं देत होते. त्यानं तरतरी येते, पण आजार टळतो असा भरवसा धरू नये.

तीन, तिथूनच मागे फिरणं. वायलाबाम्बा हे वाटेवरचं शेवटचं वस्तीचं गाव. तिथून किलोमीटर 82 पर्यंत घोडा मिळतो.

चार, हळूहळू वर जाऊन यूयुचापाम्पाला, 3,800 मीटरवर, खिंडीच्या अलीकडच्या कुरणात पुन्हा तपासणं आणि तिथे ठरवणं.

तिसरा पर्याय योग्य होता, हे मला तेव्हाही कळत होतं. आम्ही चौथा घेतला. ताईंचा आग्रह होता, माझी हिंमत नव्हती, आणि गाईडसमोर वेगळीच अडचण होती. आमचा गट सात जणांचा म्हणून गाईड एकच. मोठ्या गटाला दोन गाईड लागतात. आम्हाला कंपनीनं सहायक गाईड हवा का असं विचारलं होतं आणि मी पैसे वाचवले होते. गाईड ताईंबरोबर खाली गेला तर बाकीच्या सहा जणांना पुढे जाता येणार नव्हतं. त्यानं दोन अटी घातल्या. यूयुचापाम्पाला लक्षणं वाढलेली दिसली तर चर्चा नाही, आणि साडेदहापर्यंत तिथे पोचलो नाही तरी चर्चा नाही.

प्रत्यक्ष काय केलं

साडेदहाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही कुरणात पोचलो. ताई शेवटच्या. ही गोष्ट वीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहत होतो. त्या दगडावर बसल्या, बाटली मांडीवर घेतली आणि झाकणाकडे बघत राहिल्या. उघडली नाही. भाचीनं उघडून हातात दिली.

गुण भरले आठ. मग गाईडनं काठीनं जमिनीवर रेघ ओढली आणि टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं. पहिल्यांदा ताई नीट चालल्या. वळून परत येताना एक पाय रेघेबाहेर गेला. ‘दगड होता,’ त्या म्हणाल्या. तिथे दगड होता की नाही हे आजही मला सांगता येणार नाही. तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यात वाट बघायची सोय नसते. गाईड म्हणाला, शंका आली म्हणजे नापास.

त्यानं सिलिंडरमधून ऑक्सिजन दिला, आणि इथे आम्ही पुन्हा घसरता घसरता वाचलो. पंधरा मिनिटांत ताईंच्या चेहऱ्यावर रंग आला, डोकं हलकं झालं, आणि त्या उठून म्हणाल्या, ‘बघ, झाले की बरी. चला आता.’ मलाही तेच वाटलं. खिंड समोर दिसत होती, जेमतेम दीड-दोन तासांवर. पण तो बरेपणा सिलिंडरचा होता. सिलिंडर संपला की शरीर जिथल्या तिथे. ऑक्सिजन खाली उतरायला बळ यावं म्हणून द्यायचा असतो, वर चढायला नव्हे. गाईडनं नळी काढली नाही आणि ताईंची सॅक शांतपणे पोर्टरच्या पाठीवर बांधली. पुण्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे औषधपेटीतलं डेक्सामेथासोन, हे मेंदूची सूज उतरवणारं औषधही आम्ही त्यांना दिलं.

सोबत कोण जाणार? नेत्यानं मोठ्या गटाबरोबर राहावं आणि दुसऱ्याला पाठवावं असा एक संकेत आहे. पण मोठ्या गटाबरोबर परवानाधारक गाईड होता, तिथे माझी गरज शोभेपुरतीच. भाची यायला निघाली होती, ताईंनी तिला दटावून वर पाठवलं. मी आणि एक ज्येष्ठ पोर्टर असे दोघं ताईंबरोबर उतरलो. त्या पोर्टरला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला केचुआ येत नव्हतं. तो ताईंना ‘ममाय’ म्हणत होता. आदरानं आई म्हणावं तसं. प्रत्येक उंच पायरीवर खाली उभा राहून खांदा पुढे करायचा. ‘अल्यिल्यांचु?’ मात्र त्यानं उतरताना एकदाही विचारलं नाही. ताईंच्या पायांकडे बघत होता.

दीडच्या सुमारास वायलाबाम्बा. डोकेदुखी निम्मी झाली होती आणि ताईंनी स्वतःहून सूप मागितलं. चौकीवर नोंद झाली, तिथून कंपनीला निरोप गेला, घोडा मिळाला. अंधार पडता पडता झुलता पूल, पलीकडे गाडी.

निष्पत्ती

ओयांतायताम्बोच्या आरोग्य केंद्रात तपासणी झाली. धोका टळला होता. रात्रभर निरीक्षण, सकाळी ताईंची पहिली तक्रार भुकेची. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रेल्वेनं माचू पिचूच्या पायथ्याच्या गावी, आग्वास काल्येंतेसला गेलो आणि रांग लावून दुसऱ्या दिवशीचं दुपारच्या वेळेचं तिकीट मिळवलं. बाकीचे पाच जण विन्याय वायना या शेवटच्या तळावर मुक्काम करून चौथ्या दिवशी सकाळी इंती पुंकूतून आले. आमची भेट खाली गावात जेवणाच्या टेबलावर झाली. त्यांनी माचू पिचू धुक्यातून उघडताना पाहिलं, आम्ही लख्ख उन्हात, गर्दीत.

घोडा, गाडी, रेल्वे, जादा तिकिटं हा सगळा खर्च खिशातून गेला. विमा होता, पण त्यात ट्रेकिंगला 4,000 मीटरची मर्यादा होती. आमची अडचण 3,800 वर झाली असली तरी ठरलेला मार्ग 4,215 चा असल्यानं दाव्यावर बराच पत्रव्यवहार झाला आणि शेवटी फक्त आरोग्य केंद्राचं बिल मिळालं. पॉलिसीतली बारीक अक्षरं मी निघण्याआधी वाचली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

यूयुचापाम्पाचा निर्णय बरोबर होता, पण तो उशिरा आला. 800 मीटर चढून, आजार वाढवून आम्ही तिथे पोचलो. वायलाबाम्बालाच पाच गुण पुरेसे होते. सहायक गाईड असता तर त्यानं ताईंना तिथूनच खाली नेलं असतं, आणि चौथ्या पर्यायावर बोलणंही झालं नसतं. एका माणसाच्या चार दिवसांच्या मजुरीत मी हा पर्याय विकत घेऊ शकत होतो.

त्याहून मागे गेलं तर कुस्कोतल्या दोन रात्री. हॉटेलचे बुडालेले पैसे वाचवायला आम्ही झोपेची उंची 600 मीटरनं वाढवली. विमानं उशिरा होतात, त्याला इलाज नाही. पण उतरल्यावर थेट खाली ओयांतायताम्बोला जाणं आमच्या हातात होतं. आता पेरूला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: कुस्को ट्रेकनंतर बघा.

दणकट माणसाला हा आजार होत नाही, हा समज आमच्या सगळ्यांच्या मनात कुठेतरी होता. दमसास आणि विरळ हवेशी जुळवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट दणकट माणूस भरभर चढतो आणि दुखणं अंगावर काढतो. माझं लक्ष 58 वर्षांच्या काकांवर होतं. ते गोगलगाईसारखे चालले आणि ठणठणीत राहिले.

आणि भाषांतर. मी ताईंचं ‘जरासं’ जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. मराठी माणसाच्या ‘जरासं’मध्ये काय काय मावतं हे गाईडला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. दुखणं सांगताना मधल्या माणसानं फक्त आकडे न्यावेत, विशेषणं नेऊ नयेत, असं मला वाटतं.

पुण्यात परतल्यावर आढावा-बैठकीत मी हेच मांडलं. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला आकड्यांत विचारायचं, वहीत लिहायचं. ताई कोपऱ्यात बसून भडंगाची ताटली फिरवत होत्या. म्हणाल्या, ‘आकडा विचारला असतास तरी मी एकच सांगितला असता. किलोमीटर 82 पासून माझा डबा कुणी उघडलेला बघितलास का?’

कुणीच बघितला नव्हता. डिंकाचे लाडू भरलेला तो डबा तसाच्या तसा पुण्याला परत आला होता.